नवा पंप टाकला तरी स्टेअरिंग कण्हतेच (जुनी पिकअप, वरूडकडची)

धुऱ्यावरचा | शनिवार, रात्री ९:४५

राजेहो, लांबलचक लिहून राहिलो, पण पुरतं वाचून मग सांगा.

माझ्याकडे २०११ ची डिझेल पिकअप आहे. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, मागच्या खेपेला टाकलं तर निम्मा धागा 'ही चांगली का ती चांगली' यातच गेला. पट्ट्यावर चालणारा साधा हायड्रॉलिक पॉवर स्टेअरिंग पंप, तेलाचा डबा वेगळा, पुढे स्टेअरिंग बॉक्स. एवढं पुरे. मीटर २ लाख ८० हजारावर थांबला, त्यालाही दोन वर्षं झाली. काम म्हणजे आंबिया बहाराचा संत्रा वावरातून मंडीत न्यायचा, नंतर कापूस, मधात कधी ढेप, कधी लग्नाचं सामान.

दिवाळीच्या आधीपासून पंपाच्या पुलीमागून तेल गळत होतं. तेल पट्ट्यावर उडायचं, पट्टा चिरकायचा, सकाळी सगळं गाव उठायचं. महिन्याला अर्धा लिटर तेल जात होतं. शेवटी मिस्त्री म्हणाला, शाफ्टचं सील गेलं, पंपच बदला. रिकंडिशन पंप ३,८०० ला आणला, पट्टा नवा, मजुरी ७००.

गळती बंद झाली. पण पहिल्या दिवसापासून नवाच आवाज. सकाळी गाडी चालू केली की गाभण म्हैस कण्हते तसा. पांदणीत हळू वळवताना स्टेअरिंग जड होते आणि मधेच झटका देते, रोडवर मात्र काहीच कळत नाही. मिस्त्री म्हणाला, 'तेल बसलं की जाईल.' आठ दिवस झाले, बसलं नाही. आता तो म्हणतो पंपच खराब निघाला. दुकानदार म्हणतो फिटिंग चुकलं. दोघांच्या मधात मी, आणि झाडावर तोडीला आलेला माल.

पंप खरंच खराब असेल का? घरी खोलून पाहण्यासारखं आहे का? पाने आहेत, जॅक आहे, आणि माझ्यापेक्षा हुशार सालदार आहे.

शेवटची_सीट | रात्री १०:०२

इकडे मीपण. माझीही कण्हते. वाचतोय.

औंधकर | रात्री १०:२०

चौदा वर्षं जुन्या गाडीवर किती खर्च करणार? विकून टाका. हल्ली सगळीकडे इलेक्ट्रिक स्टेअरिंग येतं, त्यात पंप नाही, तेल नाही, पट्टा नाही.

धुऱ्यावरचा | रात्री १०:२६

दादा, विकतो. संत्र्याला भाव आला की पहिलं तुम्हालाच सांगतो.

डिझेलकाका | रात्री १०:४१

मी डेपोच्या वर्कशॉपात ३१ वर्षं काढली. पंपाला शिव्या द्यायच्या आधी काही विचारतो, खरं खरं सांगा.

डब्याचं झाकण उघडून, इंजिन चालू ठेवून, दुसऱ्या माणसाला स्टेअरिंग फिरवायला लावा. तेलात फेस दिसतो का? तेलाचा रंग कोणता? आवाज थंडीत जास्त आणि गाडी तापल्यावर कमी, की उलटं? जुना पंप काढल्यावर मिस्त्रीनं डबा काढून धुतला का, बॉक्समधलं आणि पाइपातलं जुनं तेल काढलं का? आणि पुली कशी बसवली, ओढून की ठोकून?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला अंदाजानं माहीत आहे.

बंडीवाला | रात्री ११:०५

एवढा विचार कायले करता? डब्यात थोडं ब्रेक ऑइल टाका, सील फुगते, आवाज बंद. आमच्या गावात एकानं केलं होतं.

पाना_१७ | रात्री ११:११

बंडीवाले भाऊ, हात जोडतो, हे नोका सांगू कोणाले. सील फुगते हे खरं हाय, अन् मंग मऊ पडून फाटते. ब्रेक ऑइल अलग जातीचं, त्याचं रबर अलग. स्टेअरिंगचं रबर खनिज तेलात टिकते, ब्रेक ऑइलात नाही. पंप, बॉक्स, सगळे पाइप, एकाच येळी बसतीन. त्या गाववाल्याची गाडी आता कुठी हाय थे इचारून पाहा.

बंडीवाला | रात्री ११:१५

कोंबड्या बसतात तिच्यात.

पाना_१७ | रात्री ११:१८

झालं मंग.

संत्रेवाली | रविवार, सकाळी ६:३०

धुऱ्यावरचे दादा, माझी रोपवाटिका मोर्शीकडे आहे, पिकअप मीच चालवते. मागच्या हिवाळ्यात डिट्टो हाच आवाज होता. मी पण पंपाच्याच मागे लागले होते. निघालं काय, डब्यातून पंपाकडे जो जाड पाइप येतो त्याची क्लिप सैल. तिथून तेल एक थेंब गळत नव्हतं, म्हणून कोणाचं लक्ष गेलं नाही. तिकडून पंप ओढतो ना, तर तेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जात होती. तीस रुपयांची क्लिप. पाइपाचं टोक कडक झालं होतं, दोन बोटं कापून टाकलं आणि परत बसवलं.

गळत नाही म्हणजे ठीक आहे, असं या पाइपाबद्दल समजू नका.

धुऱ्यावरचा | सकाळी ८:१०

काका, उत्तरं. फेस आहे, पण बारीक, ताकावर असतो तेवढा. तेल लाल टाकलं होतं, डब्यात मात्र काळ्या चहासारखं दिसते. आवाज सकाळी फार. सध्या पहाटे अंगणात शेकोटी लागते, तेव्हा तर शेजारची म्हातारी विचारते, 'म्हैस कधी घेतली रे?' गाडी तापली की अर्धा कमी होतो. डबा काढला नव्हता, वरून फडक्यानं पुसला. तेल नुसतं कमी होतं तेवढं भरलं.

पुलीवर लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडा मारला. मी स्वतः टॉर्च धरून उभा होतो.

डिझेलकाका | सकाळी ८:३२

वाटलंच.

पंपाचा दोष नाही असं मी म्हणत नाही, पण अजून तरी त्याच्यावर आरोप सिद्ध झालेला नाही. थंडीत तेल घट्ट असतं. घट्ट तेल ओढायला वाट मोकळी लागते. थंडीत आवाज जास्त आणि गरम झाल्यावर कमी, याचा अर्थ ओढायच्या बाजूला कुठेतरी गळा आवळलाय. आणि काळा चहा म्हणजे जुनं तेल तसंच आहे. पंपाचं पोट लहान असतं, बहुतेक तेल बॉक्स, पाइप आणि डबा यांत राहतं. नवा पंप जुन्या गाळावर बसवलाय तुम्ही.

पाना_१७ | सकाळी ९:०५

काकांनी बराबर सांगतलं. मी जरा पोटातलं सांगतो म्हणजे समजन.

पंपाच्या आतमंदी एक रोटर फिरते. त्याच्या खाचांमंदी बारक्या पात्या सुट्ट्या बसल्या असतात. रोटर फिरला का पात्या बाहेर फेकल्या जातात अन् भवतालच्या लंबगोल रिंगेले घासत पळतात. जिथी जागा मोठी होत जाते तिथी तेल ओढलं जाते, जिथी बारीक होते तिथी दाबलं जाते. गाडी जागेवर उभी अन् चाकं पूर्ण काटली, तं दाब ८० ते १०० बारपर्यंत जाते (बार म्हंजे दाबाचं माप). कारच्या टायरात दोन-सव्वादोन बार असते, त्याच्यावरून पाहा.

आता गंमत अशी का त्या पातीले वंगण बी तेच तेल, अन् ढकलाचा माल बी तेच तेल. ओढाच्या बाजूले तेल पुरलं नाही का पोकळी पडते, बुडबुडे होतात, अन् दाबाच्या बाजूले गेले का फटाफट फुटतात. तुमची म्हैस म्हंजे थे बुडबुडे. आवाजच असता तं चाललं असतं, पण थे रिंगेले बारीक बारीक खड्डे पाडतात. म्हून जास्त दिस चालवू नोका, नाही तं दुकानदार खरा ठरन अन् ३,८०० बी जाईन.

डबा खोला. बऱ्याच गाड्यांच्या डब्यात तळाले जाळी असते. परत येणारं तेल तिच्यातून गाळून पंपाकडं जाते. जाळी चोंदली का पंप उपाशी. मी बावीस वर्षांत जितके 'खराब' पंप पाह्यले, त्यातले निम्मे उपाशी होते.

अन् तेल पुसाले वेस्ट (सुताचा गुंता) वापरली असन तं तिचे धागे बी जाळीवर भेटतीन. आपल्या कपाशीच्या मुलखात वेस्टीले काय कमी!

औंधकर | सकाळी ९:४०

हे वाचून मला माझ्या विधानाचा पश्चात्ताप होतोय. चालू द्या.

तात्या_घाटंजी | सकाळी १०:१२

एक खात्री आधी करून घ्या. स्टेअरिंग जड आहे म्हणजे नेहमी तेलाचंच कारण असतं असं नाही. पुढची दोन्ही चाकं उचला, इंजिन बंद ठेवा, हातानं फिरवून पाहा. चाकं हवेत असतानाही अडकत असेल, तर बॉल जॉइंट, गंजलेला कॉलमचा जोड, ग्रीस न भेटलेली जोडणी, असलं काहीतरी. माझ्याकडे सहा महिने पंपाच्या नावानं रडून शेवटी टायरातली हवा कमी निघाली होती. सांगायला लाज वाटते, पण सांगतो.

डिझेलकाका | सकाळी १०:२०

चांगली आठवण केली तात्या.

धुऱ्यावरचे, चाकं उचलाल तर नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरू नका. काळ्या मातीत जॅक बसतो म्हणतात, प्रत्यक्षात तो बुडतो. खाली शहाबादी फरशी किंवा जाड फळी, वर घोडी (आधाराचा लोखंडी स्टँड), मागच्या चाकांना दगड. आणि इंजिन चालू असताना जाड दाबाच्या पाइपावरून हात फिरवून गळती शोधायची नाही. सुईच्या छिद्रातून येणारं तेल कातडीत घुसतं, वरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं आणि आत हात सडतो. पुठ्ठा धरून पाहायचं. असं झालंच तर घरी हळद लावत बसू नका, सरळ मोठ्या दवाखान्यात.

धुऱ्यावरचा | दुपारी ४:३५

खोललं. बसा, आता खरी गोष्ट सांगतो.

चाकं उचलून पाहिली, बोटानं फिरतात. म्हणजे तात्यांचं प्रकरण नाही (हवाही पाहिली). डबा काढला. तेल ओतलं तर तळाला डांबरासारखा गाळ. जाळीवर वेस्टीचे धागे आहेतच, पण त्यांच्यावर काळ्या रबराचे पापुद्रे, नखाएवढे, मोजले नाहीत पण ओंजळभर. जाळीतून दिवसाचा उजेड दिसत नव्हता.

सालदारानं एक पापुद्रा चिमटीत धरून विचारलं, 'मालक, हे कुठून येऊन राहिलं?' मग आम्ही एकेक पाइप तपासला. ओढायचा पाइप बरा आहे, फक्त क्लिप सैल, संत्रेवाली ताईंचं अगदी बरोबर. दाबाचा पाइप ठीक. बॉक्सकडून डब्यात परत येणारा बारीक पाइप मात्र हातात घेतला तर ओल्या भाकरीसारखा. कापून पाहिला, आतला थर सुजून सुटलेला, छिद्र पेन्सिलीएवढंही नाही.

आणि तो पाइप कुणी बसवला, तर मी.

तीन वर्षांपूर्वी पांढुर्ण्याहून येताना रात्री हाच पाइप फुटला होता. गाडीत क्रेट भरलेले. एका टपरीवाल्याकडे इंजिनच्या पाण्याचा बारीक पाइप होता, मापाला बसला, लावला, घरी आलो. दुसऱ्या दिवशी बदलू म्हणालो. तो दुसरा दिवस आज उजाडला.

पाना_१७ | दुपारी ४:५०

हाहाहा. राजेहो, हे पाहून राहिले ना? पाण्याच्या पाइपाचं रबर पाण्यासाठी असते. तेल लागलं का सुजते, मऊ पडते, मंग त्याचे पापुद्रे निघतात. गाडीच्या पाइपाईत दिसाले सारे काळेच. तुमचा जुना पंप बी याच्यानंच मेला असन, सील तं शेवटी गेलं.

संत्रेवाली | दुपारी ५:०२

दादा, मिस्त्रीला सांगितलं का?

धुऱ्यावरचा | दुपारी ५:१०

सांगतो ताई. आधी गाडी जोडतो, मग तोंड दाखवतो.

जाळी डिझेलनं धुतली तर एका बाजूनं फाटलेली निघाली. जाळी सुटी भेटत नाही, डबाच घ्यावा लागेल. उद्या अमरावतीहून आणतो. आणखी काय काय आणू ते एकदाच सांगा, दोन चकरा होत नाहीत.

डिझेलकाका | सायंकाळी ६:००

डबा. परतीचा पाइप, तेलासाठीचाच, दुकानात नीट विचारून. ओढायच्या पाइपासाठी नवी क्लिप. दाबाच्या पाइपाचा बोल्ट सोडला असेल तर त्याचे तांब्याचे दोन्ही वायसर नवे, जुने दाबले गेलेले असतात, परत धरत नाहीत. आणि तेल दोन लिटर. कोणतं ते डब्याच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात पाहा. बऱ्याच जुन्या गाड्यांना लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) चालतं, सगळ्यांना नाही. जुन्या साध्या स्टेअरिंग बॉक्सात घट्ट गिअर ऑइल भरायचे, त्या सवयीनं इथे कुणी ९० नंबर सांगेल, ऐकू नका.

दोन लिटर कशाला, तर धुवायला. परतीचा पाइप डब्यातून सोडून बाटलीत घाला, डब्याचं ते तोंड बंद करा. चाकं वर, इंजिन बंद. एकानं स्टेअरिंग हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं, दुसऱ्यानं डबा रिकामा होऊ द्यायचा नाही. बाटलीत काळं येणं थांबून लाल येईपर्यंत. मग पाइप जोडा आणि इंजिन बंदच ठेवून परत वीस वेळा फिरवा. घाई इथेच नडते. चालू करून हवा काढायला गेलात की पंप त्या हवेचं तेलाबरोबर ताक घुसळतो आणि मग ते बसायला रात्र जाते.

त्यानंतर चालू करा, पातळी पाहा, फिरवा. टोकाला नेऊन धरून ठेवायचं नाही, पाच सेकंदांच्या वर तर नाहीच. टोकाला धरलं की तेल पंपातल्या पंपात फिरतं आणि उकळतं.

पाना_१७ | सायंकाळी ६:१४

अन् पुली! पंपाच्या पुलीवर एक लोखंडी पट्टी आडवी ठेवा अन् इंजिनच्या पुलीले भिडते का पाहा. ठोकलेली पुली सहसा सरळ बसत नाही. वाकडी असन तं लेथवाल्याकडून पुलर आणा, काढा, अन् बसवताना शाफ्टच्या मधातल्या आट्यांमंदी बोल्ट घालून ओढून बसवा. हातोडा नोको. प्रत्येक ठोका शाफ्टमधून थेट पात्याईले लागते.

शेवटची_सीट | सायंकाळी ६:४०

माझ्या गाडीला पंपावर नट आहे, चावीची पुली. तिलापण ओढायचं का?

पाना_१७ | सायंकाळी ६:४४

नाही बे, तुही चावीवाली. नट कसला का झालं. धागा अर्धाच वाचला काय?

धुऱ्यावरचा | मंगळवार, रात्री ८:२०

झालं.

पुली दोन मिलिमीटर बाहेर होती, पट्ट्याच्या कडेला काळा भुगा दिसत होताच, मी तो रस्त्याची धूळ समजत होतो. लेथवाल्यानं पुलर दिला, पैसे घेतले नाहीत, दोन डझन संत्री घेतली. सव्वा लिटर तेल गेल्यावर बाटलीत लाल दिसलं. सालदार बाहेरून ओरडत होता, 'आलं, आलं, कुंकवावानी आलं!' इंजिन बंद ठेवून फिरवताना डब्यात बुडबुडे येत होते, विसाव्या फेरीला थांबले. चालू केलं. मी कान लावून उभा. काहीच नाही. नुसतं इंजिन.

आज पहाटे थंडीत परत चालू करून पाहिलं, म्हैस गेली. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, 'इकली का?'

डबा, पाइप, क्लिपा, वायसर, तेल मिळून २,१०० च्या आसपास. पंप तोच आहे, रिकंडिशन. आठ दिवस उपाशी चालला, किती टिकेल ते पाहू.

मिस्त्रीकडे गेलो होतो. पाइपाचा तुकडा त्याच्या समोर ठेवला. त्यानं उलटा-पालटा केला आणि म्हणाला, 'हे तं पाण्याचं हाय. कोण्या गधड्यानं लावलं?' मी सांगितलं. मग तो म्हणाला, डबा न काढता पंप टाकला ही त्याचीही चूक. चहा त्यानं पाजला. मजुरीचे ७०० मी मागितले नाहीत, त्यानंही काढले नाहीत.

संत्रेवाली | रात्री ८:४१

छान झालं दादा. तोड सुरू झाली का?

धुऱ्यावरचा | रात्री ८:४५

उद्यापासून ताई. पहिले चाळीस क्रेट.

पाना_१७ | रात्री ९:१०

जुना पंप हाय का घरी? फेकला नसन तं मले द्या. सीलचं किट टाकून पाहतो, पात्या बऱ्या असतीन तं कामी येईन.

धुऱ्यावरचा | रात्री ९:१४

आहे. कोंबड्यांच्या खुराड्याचं दार त्यानंच अडवलंय. येताना तेवढ्या वजनाचा एक दगड घेऊन या.